आपोआप सुरू होत नाही म्हटलेला रोटर: मादलेन बेटांवरच्या डॅरियस टर्बाइनचा प्रकरण अभ्यास

कॅनडाच्या पूर्वेला, सेंट लॉरेन्सच्या आखातात मादलेन नावाची बेटं आहेत. केबेक प्रांताची, पण मुख्य भूमीपासून तुटलेली. वीज तिथल्या तिथे तेल जाळून करायची, आणि तेल बोटीने आणायचं. वारा मात्र फुकट आणि भरपूर. १९७७ मध्ये या बेटांवर त्या काळची जगातली सर्वात मोठी उभ्या अक्षाची, डॅरियस जातीची पवनचक्की उभी राहिली. कॅनडाची नॅशनल रिसर्च कौन्सिल आणि केबेकची वीज कंपनी हायड्रो-केबेक यांनी मिळून ती उभारली होती. जुलै १९७८ मध्ये ती कोसळली.

दुरुस्ती चालू होती. ड्राइव्ह, म्हणजे पात्यांसकट फिरणारा भाग (रोटर) जनरेटरला जोडणारी यंत्रणा, सोडवलेला असल्यामुळे रोटरला ब्रेक उरला नव्हता. तरी कुणाला काळजी वाटली नाही, कारण डॅरियस रोटर आपोआप सुरू होत नाही हे त्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पुस्तकात तसं होतं, मॉडेलमधून तसंच येत होतं, आणि रोजचा अनुभवही तोच होता. हे यंत्र वाऱ्यावर चालू करायचं तर आधी मोटरने गती द्यावी लागते. तर असा मोकळा सोडलेला रोटर वाऱ्याने फिरू लागला, त्याचा वेग वाढत गेला, थांबवायला काहीच नव्हतं, आणि शेवटी यंत्र पडलं.

उभ्या अक्षाच्या टर्बाइनचं एरोडायनॅमिक मॉडेलिंग, म्हणजे हवेच्या बळांचं गणित, शिकवताना मी या प्रकरणापासूनच सुरुवात करतो. मॉडेल साफ चुकीचं असतं तर शिकण्यासारखं फार उरलं नसतं. इथे मॉडेल बऱ्यापैकी बरोबर होतं. त्याला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावलं गेलं. तो दुसरा प्रश्न कोणता, आणि तो मॉडेलला विचारायचा कसा, हे नीट उलगडून पाहू.

यंत्र

जॉर्ज डॅरियस हा फ्रेंच इंजिनियर. उभ्या खांबाभोवती फिरणाऱ्या वक्र पात्यांच्या टर्बाइनचं पेटंट त्याने १९२० च्या दशकात मागितलं. अमेरिकेतलं पेटंट १९३१ मध्ये मिळालं. त्यानंतर ही कल्पना जवळजवळ विसरली गेली. १९६० च्या दशकाच्या शेवटी ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये पीटर साउथ आणि राज रंगी यांनी तीच रचना नव्याने शोधून काढली, विंड टनेलमध्ये तपासली, आणि १९७३ च्या तेल संकटानंतर तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेने हेच काम पुढे नेलं.

पात्याचा आकार समजायला दोरीवरच्या उड्या आठवा. दोन मुली दोरीची टोकं धरून ती फिरवतात तेव्हा दोरीला जो बाक येतो, तोच बाक पात्याला दिलेला असतो. गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवलं तर अशा आकाराचं पातं फिरताना फक्त ताणलं जातं, वाकत नाही. या आकाराला ट्रोपोस्कीन म्हणतात. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ फिरती दोरी असाच आहे.

मादलेनच्या रोटरची उंची सुमारे ३६.६ मीटर आणि मधला व्यास सुमारे २४.४ मीटर. पाती दोन. खांब वरच्या टोकाला ताणाच्या तारांनी धरलेला. जनरेटर, गियरबॉक्स, ब्रेक सगळं खाली जमिनीवर, आणि तीच या रचनेची मोठी सोय मानली जायची. क्षमता २०० किलोवॉटच्या थोडी वर. हा आकडा पटतो का ते लगेच बघता येतं. दोरीच्या बाकाचं क्षेत्रफळ म्हणजे उंची गुणिले व्यास, त्याचा साधारण दोन तृतीयांश. म्हणजे जवळपास ५९५ चौरस मीटर. सेकंदाला १३ मीटर वाऱ्यात एवढ्या क्षेत्रातून साधारण ८०० किलोवॉट ऊर्जा वाहते. त्यातला २८ टक्के भाग पकडला की २२० च्या आसपास येतो. ठीक आहे.

‘सुरू होत नाही’ हे आलं कुठून

पात्याला लागणारा वारा दोन वाऱ्यांचा मिळून बनतो. एक खरा वारा, आणि दुसरा पात्याच्या स्वतःच्या धावण्याने समोरून लागणारा. मोटरसायकलवर बसलं की वारा कायम समोरून येतोय असं वाटतं, तसंच. पातं वाऱ्याच्या किती पट वेगाने धावतंय याला टिप-स्पीड रेशो म्हणतात. आपण त्याला लॅम्डा म्हणू. लॅम्डा जितका मोठा, तितका मिळून येणारा वारा नाकासमोरून येतो आणि अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पातं आणि त्याला लागणारा वारा यांच्यातला कोन, लहान राहतो.

फेरीत हा कोन सतत बदलतो. सूत्र सोपं आहे: कोनाचा टॅन म्हणजे साइन थीटा भागिले (लॅम्डा अधिक कॉस थीटा). थीटा म्हणजे पातं फेरीत कुठे आहे तो कोन, पातं थेट वाऱ्यावर चालून जातं तिथून मोजलेला. वारा रोटरमुळे मंदावतो तो भाग तूर्त सोडून देऊ. लॅम्डा ४ असताना फेरीतला सर्वात मोठा कोन १४.५ अंश येतो. ३ ला १९.५, २ ला ३०, दीडला ४२ च्या जवळ. नाका ००१५, ००१८ (ही पात्यांच्या छेदांची प्रमाणित नावं) असली सममित पाती १२ ते १५ अंशांच्या आसपास स्टॉल होतात, म्हणजे हवा पात्याची पाठ सोडते, लिफ्ट (वाऱ्याला काटकोनात उचलणारं बळ) ढासळते आणि ड्रॅग (वाऱ्याच्या दिशेने मागे ओढणारं बळ) उसळतो.

आता फेरीचा किती भाग स्टॉलच्या खाली जातो ते मोजा. मर्यादा १४ अंश धरली तर लॅम्डा ४ ला साधारण पाच षष्ठांश फेरी बिनस्टॉलची. ३ ला साधारण निम्मी. २ ला एक तृतीयांशाच्या आत. १ ला कोन म्हणजे थीटाचा अर्धा, म्हणून फेरीचा फक्त एक सहावा भाग. बाकीच्या सगळ्या फेरीत पातं हवेत फळीसारखं फरफटत असतं.

याचा फिरवणाऱ्या बळावर काय परिणाम होतो ते एकाच बिंदूवर, पातं वाऱ्याच्या बाजूला मध्यावर असताना बघू. स्पर्शरेषेतलं बळ म्हणजे लिफ्ट गुणिले साइन, वजा ड्रॅग गुणिले कॉस. लॅम्डा ४ ला कोन १४ अंश. लिफ्ट गुणांक १.१, ड्रॅग गुणांक ०.०३ धरा. उत्तर अधिक ०.२४. पातं पुढे ओढलं जातंय. लॅम्डा २ ला कोन २६.६ अंश, स्टॉल झालेला. लिफ्ट ०.८५, ड्रॅग ०.४६ धरा. उत्तर वजा ०.०३. पातं अडतंय.

हाच तो प्रसिद्ध डेड बँड. अगदी उभ्या रोटरला थोडं बळ मिळतं, कारण वारा पात्याच्या मागच्या धारेवर आदळला की ड्रॅग जास्त आणि गोल नाकावर आदळला की कमी. वारा मोजायच्या वाट्या फिरतात त्याच कारणाने. त्यावर रोटर हळूहळू हलू लागतो. लॅम्डा १ च्या आसपास हे ढकलणं संपतं, कारण वाऱ्याबरोबर जाणारं पातं आता वाऱ्याइतकंच पळतंय. आणि लिफ्टचं राज्य तीनच्या पुढे सुरू होतं. मधल्या पट्ट्यात फेरीची सरासरी शून्याच्या खाली किंवा शून्याला चिकटून. म्हणून रोटर तिथेच रेंगाळतो. म्हणून मोटर लागते.

नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्येच आर. जे. टेम्पलिन यांनी १९७४ मध्ये या रोटरचा पहिला वापरण्याजोगा सिद्धांत मांडला. सगळा रोटर म्हणजे हवेची एकच नळी अडवणारी चकती, तिच्यात वारा सगळीकडे सारखाच मंदावतो. पात्यांवरच्या बळांची बेरीज आणि हवेने गमावलेला संवेग, दोन्ही जुळेपर्यंत हिशोब फिरवत राहायचा. त्या काळच्या संगणकावर हे चालत होतं आणि उत्तरं चाचण्यांच्या आसपास येत होती. पुढच्याच वर्षी सँडियासाठी स्ट्रिकलंड यांनी एका नळीऐवजी शेजारी शेजारी अनेक नळ्या घेतल्या. रोटरच्या मधून जाणारा वारा जास्त मंदावतो आणि कडेचा कमी, हे त्यात आलं. मग १९८१ मध्ये इऑन पारास्किवोयू यांनी प्रत्येक नळीचे दोन तुकडे केले, एक वाऱ्याकडच्या अर्ध्यासाठी आणि एक मागच्या अर्ध्यासाठी. मागच्या पात्याला पुढच्याने आधीच उष्टा केलेला वारा मिळतो, म्हणून तिथे कोन लहान, स्टॉल उशिरा. याला डबल मल्टिपल स्ट्रीमट्यूब म्हणतात आणि आजही प्राथमिक डिझाइनला बरेच जण हेच वापरतात. मीही वापरतो. लॅपटॉपवर सेकंदभरात उत्तर देतं.

मॉडेलचा आंधळा कोपरा

एक ते दोन लॅम्डाला या तिन्ही मॉडेलांची उत्तरं ताडून बघा. जवळजवळ सारखीच येतात. कारण तिथे रोटर हवेला फारसं अडवतच नाही. मादलेनसारख्या सडपातळ पात्यांच्या रोटरमधून वारा त्या वेगाला जवळजवळ तसाच निघून जातो. मग नळी एक घ्या, दहा घ्या की दुहेरी घ्या, मंदावण्याचा भाग इतका लहान की फरक पडत नाही. संवेगाचं सगळं गणित तिथे नुसतं बसून असतं. उत्तर ठरवतं ते फक्त पात्याचं टेबल: अमुक कोनाला लिफ्ट इतकी, ड्रॅग इतका.

आणि ते टेबल नेमकं इथेच सर्वात कच्चं असतं. वरचा वजा ०.०३ कसा आला ते पुन्हा बघा. लिफ्टचा वाटा ०.३८, ड्रॅगचा ०.४१. दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी. लिफ्ट फक्त दहा टक्क्यांनी वाढवा, उत्तर अधिक ०.००७ होतं. चिन्हच बदलतं! स्टॉलनंतरच्या लिफ्टमध्ये दहा टक्के इकडेतिकडे होणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. पात्यावर किती किडे चिकटलेत, जोड किती साफ घासलाय, रेनॉल्ड्स संख्या (वाऱ्याचा वेग आणि पात्याची रुंदी यांवरून ठरणारा प्रवाहाचा आकडा) कुठे आहे, एवढ्यानेही ते होतं. म्हणजे मॉडेलचा ग्राफ डेड बँडमध्ये शून्याच्या खाली दिसतो तेव्हा खरं तर तो सांगत असतो की इथलं बळ शून्याच्या इतकं जवळ आहे की चिन्हावर विसंबू नका. ग्राफवर मात्र एक ठसठशीत रेघ असते आणि ती अक्षाच्या खालून जाते. डोळा रेघेवर विश्वास ठेवतो.

विमानासाठी कोणी पात्याचं टेबल १८० अंशांपर्यंत कशाला मोजेल? त्याची गरज पडली ती उभ्या अक्षाच्या टर्बाइनलाच. सँडियाचा शेल्डाल आणि क्लिमस यांचा, सात सममित पात्यांचा ० ते १८० अंशांचा अहवाल १९८१ मध्ये आला, म्हणजे मादलेनच्या अपघातानंतर. आज जगभर विद्यार्थी त्यातलेच आकडे उचलतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्यातले सगळे आकडे मोजलेले नाहीत, काही संगणकाने काढलेले आहेत, आणि त्यात कमी रेनॉल्ड्सचा भाग मोठा आहे.

दुसरी गोष्ट हवेच्या स्मरणाची. टेबल विंड टनेलमध्ये पातं स्थिर धरून बनतं. फिरत्या रोटरमध्ये कोन झरझर चढतो, हवेला पात्याची पाठ सोडायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पातं स्थिर टेबलात नसलेली लिफ्ट देऊन जातं. याला डायनॅमिक स्टॉल म्हणतात. हे गणित हेलिकॉप्टरवाल्यांकडून आलं. गॉरमाँट यांनी १९७३ मध्ये हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी मांडलेली पद्धत टर्बाइनवाल्यांनी उचलली आणि आपल्या गरजेप्रमाणे वळवली. पात्याची रुंदी भागिले व्यास हा त्याचा ढोबळ माप. ०.०५ च्या वर गेलं की दुर्लक्ष करू नये. ६० सेंटिमीटर रुंद पातं आणि २४ मीटर व्यास घेतला तर ०.०२५ येतं, म्हणजे मोठ्या रोटरला हा परिणाम मध्यम. गच्चीवरच्या लहान रोटरला तो याच्या चौपट निघतो.

पण माझ्या मते खरा घोटाळा तिसऱ्या गोष्टीत आहे.

वारा पडतो तेव्हा

ही सगळी मॉडेलं एक गोष्ट गृहीत धरतात: वारा स्थिर, रोटरचा वेग स्थिर, म्हणून लॅम्डा स्थिर. प्रत्येक लॅम्डाला फेरीची सरासरी काढायची, ग्राफवर एक ठिपका मांडायचा, पुढच्या लॅम्डाला जायचं. त्या ग्राफवर डाव्या टोकाकडून चालत निघालं की डेड बँडचा खड्डा आडवा येतो आणि वाट संपते. ‘आपोआप सुरू होत नाही’ हा निष्कर्ष या चालण्यातून निघतो.

खऱ्या वाऱ्यात रोटरला चालत जावं लागत नाही. लॅम्डा म्हणजे पात्याचा वेग भागिले वाऱ्याचा वेग. पात्याचा वेग बदलायला रोटरचं सगळं जडत्व हलवावं लागतं. वाऱ्याचा वेग बदलायला काहीच लागत नाही.

समजा जोराची झुळूक आली, सेकंदाला १५ मीटर. ड्रॅगच्या ढकलण्याने मोकळा रोटर लॅम्डा १ च्या आसपास पोचला. पात्याचा वेगही १५ मीटर, १२.२ मीटर त्रिज्येला मिनिटाला साधारण १२ फेऱ्या. बघणाऱ्याला हे आळसावलेलं फिरणं वाटेल. आता झुळूक ओसरली, वारा ५ वर आला. रोटर जड आहे, तो आपल्याच वेगात फिरत राहिला. लॅम्डा किती झाला? १५ भागिले ५, म्हणजे ३. डेड बँड पायाखालून निघून गेला. पाती आता निम्मी फेरी स्टॉलच्या बाहेर आहेत, लिफ्ट ओढते आहे, आणि वारा पुन्हा चढू लागला तर रोटर त्याच्याबरोबर चढतो.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या सूत्राकडे बघत बसलो होतो. वारा वाढल्याने नाही, वारा पडल्याने रोटर सुरू होतो! सगळं लक्ष जोराच्या वाऱ्यावर असतं, आणि धोका जोराचा वारा ओसरल्यावरच्या शांततेत येतो. हिशोबातले आकडे मी यंत्रणा दाखवायला घेतलेत, पण यंत्रणा खरी आहे, आणि स्थिर वाऱ्याच्या कुठल्याही मॉडेलमध्ये ती दिसणं शक्यच नाही, कारण त्यात वेळ नावाची गोष्टच नाही.

यात अजून एक भर. रोज हाताळणाऱ्यांचा अनुभव होता की हा रोटर वाऱ्यावर उठत नाही. पण तो अनुभव कुठल्या यंत्राचा? गियरबॉक्स, जनरेटर जोडलेल्या यंत्राचा. त्यांचं घर्षण सतत पाठीला लागलेलं. ड्राइव्ह सोडवला की अडवायला उरतात फक्त बेअरिंग. शून्याच्या जवळपास घुटमळणाऱ्या बळाच्या बाबतीत एवढा फरक निर्णायक ठरतो. दुरुस्तीच्या अवस्थेतलं यंत्र हे वेगळं यंत्र असतं, आणि त्याचा हिशोब वेगळा मांडायला हवा.

मोकळा सुटल्यावर

एकदा तीनच्या पुढे गेल्यावर काय होतं ते जास्त लांबवत नाही, आकडेच पुरेसे आहेत.

नेहमीच्या कामात डॅरियस रोटर स्वतःला आवरतो. जनरेटर ग्रिडला बांधलेला, म्हणून फेऱ्या ठरलेल्या. वारा वाढला की लॅम्डा घसरतो, पाती स्टॉल होतात, वीज एका मर्यादेवर थांबते. पात्यांचा कोन बदलायची यंत्रणा लागत नाही. फार सुंदर गुण आहे हा. पण तो सगळा जनरेटरच्या खुंटीला बांधलेला आहे. खुंटी काढली की वाऱ्याबरोबर फेऱ्याही वाढतात, लॅम्डा घसरत नाही, स्टॉल येतच नाही. मग रोटर थांबतो कुठे? पात्यांचा ड्रॅग सगळी लिफ्ट खाऊन टाकेल तिथे, आणि सडपातळ रोटरला ती जागा लॅम्डा ८ च्या आसपास किंवा पुढेच असते.

सेकंदाला १० मीटर वारा घ्या, ताशी ३६ किलोमीटर. त्या आखातात हा साधा वारा. लॅम्डा ८ म्हणजे पात्याचा वेग ८० मीटर, मिनिटाला ६३ फेऱ्या. नेहमीचा वेग ३० फेऱ्यांचा धरला तर दुपटीहून जास्त. ३० फेऱ्यांना मध्यावरचं पातं गुरुत्वाकर्षणाच्या १२ पट जोराने बाहेर ओढलं जातं. ६३ ला ५३ पट. आणि केवळ ताणाचा प्रश्न नसतो. दोन पात्यांचा रोटर प्रत्येक फेरीत खांबाला दोन धक्के देतो. वेग चढताना हे धक्के पात्यांच्या, खांबाच्या, ताणाच्या तारांच्या नैसर्गिक कंपनांशी एकेक करून जुळत जातात. डिझाइन करणाऱ्याने कामाचा वेग या जुळणाऱ्या जागा टाळून निवडलेला असतो. सुटलेला रोटर सगळ्या जागांमधून जातो.

गच्चीवर

साताऱ्याच्या डोंगरांवर पवनचक्क्या बघत वाढलेल्या मुलांना उभ्या अक्षाची पवनचक्की करून बघायची फार हौस असते. आडव्या अक्षाची उंचावर असते, हात लागत नाही. ही गच्चीवर बसते. काही वर्षांपूर्वी आम्ही अशीच एक केली. तीन सरळ पाती, एक मीटर व्यास, दहा सेंटिमीटर रुंद पातं, खाली मोटरसायकलच्या चाकाचं बेअरिंग. डबल मल्टिपल स्ट्रीमट्यूबने सांगितलं की सुरू होणार नाही. सुरुवातीच्या वेगाला रेनॉल्ड्स संख्या तीस-पस्तीस हजारांवर. तिथलं टेबल तर देवाच्या भरवशावर.

एका मुलीने पात्याच्या आतल्या बाजूला लाल लोकरीचे बोटभर धागे चिकटवले होते, हवा कुठे सुटते ते दिसावं म्हणून. दोन दिवस रोटर नुसता डुलत होता. अर्धी फेरी पुढे, थोडा मागे, दोन-तीन फेऱ्या रमतगमत, की पुन्हा गप्प. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलं तर धागे पिसाळल्यासारखे उडत होते, काही तर नाकाच्या दिशेला उलटे वळलेले. तिसऱ्या दिवशी दुपारी एक जोराची झुळूक येऊन गेली. ती गेल्यावर, म्हणजे गच्चीवरच्या दोरीवरचे कपडे खाली लोंबायला लागल्यावर, रोटरचा आवाज बदलला. फडफड होती ती थांबली आणि एकसलग सूं सुरू झाला. पुढच्या मिनिटभरात पाती दिसेनाशी झाली. व्हिडिओत नंतर पाहिलं तर लाल धागे पात्याला चोपून बसले होते, जणू कोणी ओल्या हाताने सारखे केलेत.

त्या दिवशी रोटरला आवरायला आमच्याकडे काय होतं? काहीच नाही. मॉडेलने सांगितलं होतं ना सुरू होणार नाही म्हणून. वारा उतरेपर्यंत आम्ही सगळे जिन्याच्या आत, पत्र्याच्या दाराआड उभे होतो. मादलेन बेटांची गोष्ट मी त्याआधी कितीदा तरी वर्गात सांगितली होती.

मग मॉडेल कसं मांडायचं

डबल मल्टिपल स्ट्रीमट्यूब टाकून द्यायचं नाही. लॅम्डा ३ ते ६ मध्ये, मध्यम सॉलिडिटीच्या (म्हणजे पाती फार रुंद नाहीत, फार सडपातळही नाहीत अशा) रोटरला, वर्षाला वीज किती मिळेल हे ते चांगलं सांगतं. लॅम्डा फार वाढला आणि रोटरने वारा निम्म्याहून जास्त अडवला की संवेगाचं गणित तिकडेही मोडतं, तेवढं सांभाळायचं. त्याच्या पलीकडे व्हॉर्टेक्स मॉडेलं आहेत, ज्यात पात्यांनी सोडलेले भोवरे मागे वाहत जातात आणि मागच्या पात्याला लागतात. स्ट्रिकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७० च्या दशकाच्या शेवटीच बनवली होती. आज पूर्ण सीएफडी, म्हणजे हवेचा सगळा प्रवाह संगणकावर सोडवणं, करता येतं. पण स्थिर वाऱ्यात, ठरलेल्या वेगाने फिरवलेल्या रोटरवर कितीही महागडं सीएफडी चालवलं, तरी सुटण्याचा प्रश्न त्यालाही दिसणार नाही. वेग आपणच बांधून ठेवलेला असतो.

सुरू होण्याचा प्रश्न विचारायचा तर रोटरला मोकळं सोडावं लागतं. दर क्षणी पात्यांवरचं बळ काढा, त्यातून घर्षण वजा करा, जडत्वाने भागा, वेग पुढे सरकवा, पुन्हा बळ काढा. वारा म्हणून सरासरी नको, झुळकांसकट मोजलेली मालिका द्या. सुरुवातीला पातं वेगवेगळ्या जागी ठेवून बघा, कारण दोन पात्यांच्या रोटरला ती जागा फार महत्त्वाची. इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठातल्या डॉमिनी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हेच दाखवलं: हलका, तीन सरळ पात्यांचा रोटर स्थिर वाऱ्यातही सुरू होऊ शकतो, आणि दोन पात्यांचा सुरू होईल की नाही हे तो कुठल्या कोनात उभा होता त्यावर ठरतं. म्हणजे सार्वत्रिक मानलेला नियम स्थिर वाऱ्यातही सार्वत्रिक नव्हता.

आणि टेबलातली लिफ्ट-ड्रॅग दहा-पंधरा टक्के वरखाली करून पुन्हा चालवा. मी विद्यार्थ्यांना एक वेगळी फाइल ठेवायला सांगतो: ड्राइव्ह सुटलेला, घर्षण फक्त बेअरिंगचं, टेबल रोटरच्या बाजूने झुकवलेलं, वारा झुळकांचा. हे शंभर वेळा चालवून एकदाही रोटर लॅम्डा ३ ओलांडत असेल, तर अहवालात ‘आपोआप सुरू होतो’ असं लिहायचं. वीज किती मिळेल याचा अंदाज करताना रोटर सुरू होत नाही असं धरा, ब्रेक निवडताना सुरू होतो असं धरा. एकाच यंत्राला दोन विरुद्ध गृहीतकं लावताना सुरुवातीला मुलांना कसंसंच होतं. पण दोन्हीकडे चूक झाली तर नुकसान कुणाचं आणि किती, हे वेगवेगळं आहे.

मादलेनला नंतर नवा रोटर उभा केला गेला आणि कॅनडाचं काम थांबलं नाही. १९८८ मध्ये केबेकमध्येच काप-शा इथे एओल नावाचा ११० मीटर उंचीचा डॅरियस टर्बाइन फिरू लागला. १९९३ पर्यंत तो चालला. त्यानंतरही बरीच वर्षं तो तिथे उभा राहिला आणि लोक बघायला जात. आमच्या गच्चीवरचा रोटरही आहे. त्याच्या खालच्या आडव्या दांडीला नायलॉनची दोरी आहे, तिचं दुसरं टोक टाकीच्या लोखंडी पायाला. बेअरिंगला ग्रीस भरायचं असलं तरी आधी ती दोरी बांधली जाते, मग पाना हातात येतो.